सूचक, अनुमोदक आणि दोन बैल

आपण निवडणुकीला उभ्या राहणार आहोत, हे नीरजाला रविवारी सकाळी साडेनऊ वाजता फ्लेक्सवरून कळलं.

ती रिक्षातून पुस्तकांचे गठ्ठे उतरवत होती. कोपरीतल्या समाजमंदिराच्या गेटवर दोन माणसं शिडीवर चढून फ्लेक्स ताणत होती. एक बाजू बांधली, दुसरी सुटली, तिसऱ्या खेपेला सगळा फ्लेक्स सरळ झाला आणि नीरजा स्वतःसमोरच उभी राहिली. फोटो चुलत दिराच्या लग्नातला होता. त्या फोटोत तिच्या हातात जिलेबीची डिश होती, ती पक्की आठवत होती तिला. इथे डिश गायब होती आणि कोणा भलत्याच बाईचे हिरव्या बांगड्यांचे हात तिच्या मनगटांना जोडून नमस्कार करत होते. डाव्या अंगाला पक्षाचे इथले पुढारी काळुरामशेठ, काळा गॉगल लावून, खऱ्या माणसाहून दीडपट. खाली लाल अक्षरं : ‘आपल्या हक्काच्या उमेदवार सौ. नीरजा सुमित कासारे.’ आणि अगदी तळाशी, औषधाच्या बाटलीवर लिहितात तेवढ्या टाइपात : ‘पुस्तक प्रकाशन सोहळा.’

“वैनी, जरा बाजूला,” शिडीवरचा म्हणाला आणि मग खाली बघून दचकला. “अरे, तुम्हीच ना त्या?”

“अजून नक्की माहीत नाही,” नीरजा म्हणाली.

सुमित आत खुर्च्या मांडत होता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, कपाळावर घाम. तिला बघताच त्याने दोन्ही हात पसरले.

“पाहिलंस? सरप्राइज!”

“अहो, हे काय आहे?”

“पालिकेच्या सोडतीत आपली जागा महिलांसाठी निघाली, तेव्हा मी तीन दिवस जेवलो नव्हतो, आठवतंय ना? मग डोक्यात आलं, अरे, नीरजा आहे की! शेठ पण तयार झाले. आज तिकिटाचा फॉर्म ते स्वतः घेऊन येतायत. स्टेजवर देणार, सगळ्यांसमोर. उद्या भरायचा शेवटचा दिवस.”

“मला विचारलंत?”

“विचारणारच होतो. आजच.”

“फ्लेक्स छापल्यावर?”

“फ्लेक्सवाल्याकडे सध्या केवढी गर्दी आहे, तुला कल्पना नाही. नंबर लावायला लागतो.” त्याने तिच्या हातातला गठ्ठा घेतला. “तुला काहीच करायचं नाही गं. हात जोडायचे फक्त.”

“ते तर तुम्ही जोडलेच आहेत. कोणाचे आहेत?”

सुमितला हसू आलं. नीरजालाही आलं असतं, पण तेवढ्यात गेटकडून आरोळी ऐकू आली. ज्यांच्या पुस्तकाचं आज प्रकाशन होतं ते राजरत्न कासारे आले होते.

सासऱ्यांना सुनेची उमेदवारी दिसलीच नव्हती. ते फ्लेक्सच्या कोपऱ्यात पुस्तकाचा नायक म्हणून छापलेल्या एका छोट्या गोल चित्राकडे काठी रोखून उभे होते. पांढरा टोप, लांब नाक, घट्ट मिटलेले ओठ.

“हा कोण?” ते ओरडले. खरं म्हणजे ‘हा कोण’ एवढंच स्पष्ट आलं. शनिवारी शेंगदाण्याच्या चिक्कीने त्यांची कवळी मधोमध मोडली होती आणि दुरुस्तीला टाकलेली कवळी सोमवारशिवाय मिळणार नव्हती. “हा मॅफ्यू नाही! हा अमेरिकेचा पहिला राफ्ट्राध्यक्फ आहे!”

“बाबा, टोप सारखाच असतो हो सगळ्यांचा,” सुमित म्हणाला.

“चौतीफ वर्फं!” राजरत्न म्हणाले आणि पुढचं बोलणं फुसफुसत वाहून गेलं.

चौतीस वर्षं खरीच होती. राजरत्न खोपट डेपोत कंडक्टर होते तेव्हा ठाणे-शिर्डी गाडीत एक गोरं म्हातारं जोडपं पुस्तक विसरून गेलं. डेपोत जमा केलं, कोणी न्यायला आलं नाही, शेवटी तिथल्या कारकुनाने ‘इंग्रजी आहे, तूच ने’ म्हणून परत त्यांच्याच हातात दिलं. पहिलं पान वाचायला त्यांना शब्दकोश घेऊन नऊ दिवस लागले. त्या पानावर आयर्लंडमधून अमेरिकेला निघालेला पंधरा वर्षांचा एक मुलगा होता. जहाजाचं भाडं नव्हतं, म्हणून त्याने स्वतःलाच गहाण टाकलं होतं, आणि पुढे एका मालकाने त्याला दुसऱ्या मालकाकडे सोपवलं ते दोन बैलांच्या बदल्यात. राजरत्नांनी पुस्तक मिटलं आणि आपल्या बापाला, रामाला, वाचून दाखवायला नेलं. रामा नऊ वर्षांचा असताना त्याला गुरं राखायला परक्या घरी ठेवलेलं, वर्षाच्या भातावर. म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “दोन बैल? मग बराच भाव आला की त्याला. पुढं काय झालं त्याचं?”

पुढे तो अमेरिकेच्या काँग्रेसचा सभासद झाला. रामाला एवढं कळलं, आणि मग तो गेला. राजरत्न मात्र त्या ‘पुढं काय झालं’च्या मागे लागले ते लागलेच. निवृत्त झाल्यावर लिहायला बसले. अक्षर असं की त्यांचं त्यांनाच लागत नसे. कोर्ट नाक्यावर नीरजाचं टायपिंगचं दुकान होतं, अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार. गिऱ्हाईक संपलं की ती सासऱ्यांच्या वह्या उघडायची. सहा वर्षं, चारशे बारा पानं. मॅथ्यू लायन हा माणूस तिला नात्यातल्या कितीतरी माणसांपेक्षा जास्त माहीत झाला होता.

“बाबा, मी आत त्याचं खरं चित्र मोठं करून लावलंय,” ती म्हणाली. “स्टेजच्या मधोमध.”

राजरत्नांनी काठी खाली घेतली. मग पहिल्यांदाच त्यांची नजर लाल अक्षरांवर गेली. त्यांनी ओठ हलवत पूर्ण ओळ वाचली, सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि काठी टेकत आत गेले.

डोंबिवलीहून मायाताई आली ती पायऱ्या चढतानाच बोलत आली. सुमितची मोठी बहीण, शाळेची मुख्याध्यापिका. तिचा आवाज मैदान संपेपर्यंत पोचायचा.

“नीरजा! अगं, मला फ्लेक्सवरून कळावं?”

“मला पण तिथूनच कळलं, ताई.”

माया थांबली. नीरजाच्या सासूबाई जाईबाई कोपऱ्यात बसून कोथिंबीर निवडत होत्या, त्याही थांबल्या. नीरजाची मुलगी पायल माईकची वायर सोडवत होती. तिने वायर तशीच हातात धरली.

“म्हणजे सुमितने तुला विचारलंच नाही?” मायाने हळू आवाजात विचारलं. मायाचा हळू आवाज तसा दुर्मिळच.

“विचारणार होते म्हणे.”

“पप्पा पण ना! लिटरली हद्द आहे,” पायल म्हणाली.

“गप गं,” माया म्हणाली. मग तिने नीरजाला बाजूला ओढलं. “हे बघ. चुकलंच त्याचं. मी त्याला बघते नंतर. पण अकरा वर्षं तो त्या काळुरामच्या मागे फिरतोय. लोकांची नळजोडणी, रेशनकार्ड, अर्ध्या कोपरीच्या म्हाताऱ्यांची पेन्शन. आता कुठे हाताशी काही येतंय. आज तेवढी सही करून टाक. भांडण उद्या काढू.”

“तुम्ही सही केली असती, ताई?”

“मी डोंबिवलीत गेले म्हणून. नाहीतर या जागेवर कोणाचं नाव लागलं असतं, ते तुलाही माहितीये.”

“म्हणजे केली असती?”

जाईबाई कोथिंबिरीच्या काड्या गोळा करत म्हणाल्या, “सुमित्याच्या मनासारखं होऊ दे एकदा.” मोठी नणंद आणि सासू, दोन्ही एका बाजूला. एरवी कोथिंबीर बारीक चिरायची की जाड, यावरही त्यांचं एकमत होत नसे.

काळुरामशेठ सव्वाअकराला आले. फटाक्यांची एक माळ वाजली, बाहेरचं कुत्रं आत पळालं आणि सरळ स्टेजखाली जाऊन बसलं ते कार्यक्रम संपेपर्यंत तिथेच राहिलं. शेठ बसायला लागले तर प्लॅस्टिकची खुर्ची कुरकुरली, म्हणून दुसरी खुर्ची तिच्यात घालून मजबूत केली. बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार झाले, वंदना झाली. शंभरेक माणसं होती : वस्तीतली, डेपोतले जुने सोबती, नीरजाच्या दुकानाशेजारचे वकील. वड्यांचा वास येत होता, त्यामुळे कोणी उठून जायची भीती नव्हती.

पुस्तकाची फीत सुटली. टाळ्या झाल्या. राजरत्न भाषणाला उभे राहिले, चौदा पानं हातात.

“मित्रांनो,” त्यांनी सुरुवात केली. “मॅफ्यू लायन...”

पुढच्या रांगेतली लहान मुलं फिस्सकन हसली. राजरत्नांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. “मॅफ्यू लायन फतराफे एकोणपन्नाफ फाली...” आता मुलांच्या आयाही हसायला लागल्या. डेपोतले म्हातारे तर आधीपासूनच खांदे हलवत होते. राजरत्नांनी आणखी एक प्रयत्न केला, ‘स्वातंत्र्यसैनिक’ या शब्दावर येऊन आपटले, आणि मग त्यांना स्वतःलाच असं काही हसू फुटलं की डोळ्यांतून पाणी आलं. चौदाच्या चौदा पानं त्यांनी नीरजाच्या हातात कोंबली.

“हिने टाइप केलंय. हिला फगळं पाठ आहे.”

सुमित स्टेजच्या कडेला होता. त्याने बोटांनी खूण केली : थोडक्यात.

नीरजाने पहिलं पान वाचलं. दुसऱ्या पानापासून तिने कागद बाजूला ठेवले, कारण गोष्ट तिच्या तोंडात आपोआप येत होती. दोन बैलांची गोष्ट तिने सांगितली तेव्हा हॉल शांत झाला. “आणि हा माणूस पुढे आयुष्यभर शपथ कशाची घ्यायचा माहितीये? ज्या बैलांनी मला सोडवलं त्या बैलांची शपथ! मोठमोठ्या लोकांसमोर. लोक त्याला हसायचे, तरी घ्यायचा.”

“वा!” डेपोतलं कोणीतरी म्हणालं.

“मग तो व्हरमाँटला गेला. जंगल होतं तिथे. लाकडाची गिरणी काढली, लोखंडाची भट्टी काढली, कागद बनवला, छापखाना टाकला. निवडणुकीला उभा राहिला. हरला. परत उभा राहिला. परत हरला. परत उभा राहिला...”

“परत हरला!” मुलं ओरडली.

“हो! आणि मग निवडून आला. काँग्रेसमध्ये.”

काळुरामशेठ एकदम सावरून बसले. “एक मिन्ट. काँग्रेसचा व्हता?”

“शेठ, तिकडे संसदेलाच काँग्रेस म्हणतात.”

“हां. मंग ठीक हाय. बोला.”

हॉलमध्ये खसखस पिकली. नीरजाच्या अंगात काहीतरी चढत होतं. आपला आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातोय हे तिला ऐकू येत होतं आणि फार बरं वाटत होतं.

“सभागृहात ग्रिसवोल्ड नावाचा एक सभासद होता. खानदानी, शिकलेला. त्याने सगळ्यांदेखत लायनला टोमणा मारला, सैन्यातून तुला हाकललं होतं म्हणे, लाकडी तलवार घालून येणार का आमच्याकडे? आणि लायन...” तिने थोडं थांबून घेतलं. “लायन त्याच्या तोंडावर थुंकला.”

“अगो बाय!” काळुरामशेठ म्हणाले. दोन खुर्च्यांत बसलेले शेठ पुढे झुकले.

“त्याला काढून टाकायचा ठराव आला. पुरेशी मतं पडली नाहीत, ठराव पडला. मग पंधरा दिवसांनी ग्रिसवोल्ड काठी घेऊन आला आणि भर सभागृहात त्याला बडवायला लागला. लायनने शेकोटीतला चिमटा उचलला. दोघं जमिनीवर! बाकीचे सभासद पाय धरून ओढतायत!”

“मंग कोन जिंकला?” शेठनी विचारलं.

“तेव्हा कोणीच नाही. पण पुढे लायनने राष्ट्राध्यक्षांवर टीका छापली म्हणून त्याला चार महिन्यांची कैद झाली. थंडीचे दिवस, गार कोठडी. त्याचे लोक तुरुंग फोडायला निघाले, त्यानेच थांबवलं. आणि कोठडीत बसून तो निवडणुकीला उभा राहिला.”

“हरला!” मुलं ओरडली.

“जिंकला!”

हॉल उसळला. सुमितने नळजोडणी मिळवून दिलेल्या एक आजी उभं राहून टाळ्या वाजवत होत्या. सुटल्यावर परत पकडू नये म्हणून लायन तुरुंगाच्या दारातच ‘मी काँग्रेसला निघालोय’ असं ओरडला, कारण सभागृहाला निघालेल्या सभासदाला अटक करता येत नव्हती. हे ऐकून शेजारच्या वकिलांनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली. त्यांना अशी शिट्टी येते हे कोर्ट नाक्यावर कोणालाच ठाऊक नव्हतं.

“मला त्याची आवडते ती गोष्ट वेगळीच आहे,” नीरजा म्हणाली. “तिकडे रीत होती. राष्ट्राध्यक्षांनी भाषण केलं की सगळ्या सभासदांनी रांगेने त्यांच्या घरी चालत जायचं, त्यांची स्तुती वाचायची, परत यायचं. नवा नवा आलेला लायन उभा राहिला आणि म्हणाला, मला यातून सूट द्या. सगळे हसले. तरी तो गेला नाही. बाबांच्या वहीत हे पान मी टाइप केलं तेव्हा दुकान बंद करायची वेळ झाली होती. मी ते पान तीनदा वाचलं आणि मग कुलूप लावलं.”

ती खाली बसली. टाळ्या थांबायला तयार नव्हत्या. राजरत्न बोळक्या तोंडाने हसत चष्मा पुसत होते. काळुरामशेठनी स्वतः माईक हातात घेतला.

“वैनी, तुमी तं कमाल केली. आमचे सभागृहात एवढा चांगला बोलनारा एक मानूस नाय, खरा सांगतो.” त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. “आमचा सुमित अकरा वरीस राबलाय. त्याचं फळ हे. या फॉर्मवर वैनीचं नाव हाय! वैनी सही करतील, बाकी पाच वरीस समदा सुमित बघल. वैनीला घरातून हलायला पन लागनार नाय!”

पुन्हा टाळ्या. सुमितचा चेहरा उजळला. हा चेहरा तिने लग्नात पाहिला होता आणि पायल झाली तेव्हा.

तिने उठून विचारलं, “शेठ, सभागृहात खुर्चीवर कोण बसणार?”

“तुमीच की.”

“आणि बोलणार कोण?”

“बोलायचा काय असतो, वैनी? हात वर करायचा. कवा करायचा ते आमी सांगू.” शेठ मनापासून, दुष्टपणाचा लवलेश नसलेलं हसू हसले. हॉलही हसला.

“मग मला यातून सूट द्या,” नीरजा म्हणाली.

आधी लोकांना वाटलं, ही गोष्टीचाच भाग सांगतेय. मग पायलने मागून शिट्टी मारली. काळुरामशेठनी तिच्याकडे पाहिलं, सुमितकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली, खिशात ठेवला, पुस्तकाची एक प्रत काखेत मारली.

“वैनी, तुमचं बोलनं पटला. पन पक्ष बोलन्यावर चालत नाय,” ते म्हणाले आणि अर्धा वडा तोंडात टाकून निघाले. गाडीचं दार लागल्याचा आवाज आत ऐकू आला.

सुमित त्यांच्यामागे धावला होता. तो परत आला तेव्हा वडे वाटून संपत आले होते आणि घरचे सगळे समाजमंदिराच्या स्वयंपाकघरात जमले होते.

“दुसऱ्या बाईला देतायत,” तो म्हणाला. “गाडीत बसल्या बसल्या फोन लावला त्यांनी.” त्याचा आवाज चढला. “अकरा वर्षं, नीरजा! पावसात गटारात उतरलोय मी. पायलच्या दहावीच्या रिझल्टला मी तहसील कचेरीत कोणाच्या तरी दाखल्यासाठी उभा होतो. आणि तू गोष्ट सांगत बसलीस. एका सहीचा प्रश्न होता!”

“तुमच्याइतकं काम या वस्तीत कोणी केलं नाही. मी माईकवर सांगायला तयार आहे,” नीरजा म्हणाली. “पण ती सही माझी होती ना? लोक माझ्या नावाला मत देणार, आणि पाच वर्षं माझ्या नावाने दुसरंच कोणी बोलणार. मी दिवसभर दुकानात लोकांच्या सह्या घेते, सुमित. वाचल्याशिवाय करू नका, असं सांगते त्यांना.”

तिने त्याला चारचौघांत नावाने हाक मारली हे फक्त जाईबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी भुवया उंचावल्या आणि झारा तेलातून बाहेर काढला.

“बरोबर बोलतेय ती,” माया म्हणाली.

सुमित गर्रकन वळला. “ताई, सकाळी तू...”

“सकाळी मी तिचं भाषण ऐकलं नव्हतं. शाळेत पंचवीस वर्षं मी भाषणं ऐकतेय, माझीच. असं कोणी ऐकत नाही माझं.” मायाने नाक पुसलं. “अपक्ष उभी कर तिला.”

“अपक्ष? ताई, अपक्षाला कोण विचारतं?”

“फुमित,” राजरत्न म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. म्हाताऱ्याने अत्यंत गंभीर चेहऱ्याने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. “फुमित. ऐक. लायन फुद्धा...”

एवढंच झालं. सुमितने ओठ दाबून धरले, नजर छताकडे नेली, पण खांदे हलायला लागले आणि मग तो फुटलाच. हसता हसता भिंतीला टेकला, हसता हसता डोळे पुसले, आणि त्यातलं किती हसणं होतं ते नीरजाने विचारलं नाही. ती जवळ जाऊन उभी राहिली. त्याने तिच्याकडे न बघता तिच्या ताटलीतला वडा उचलला.

“चिन्ह काय मिळेल?” वडा चावत त्याने विचारलं.

बस्स. पुढचा अर्धा तास कोणाचं कोणाला ऐकू गेलं नाही. पायलला शिट्टी हवी होती, मायाला पाटी-पेन्सिल, राजरत्नांना चिमटा. असं चिन्ह यादीत नसतं हे नीरजाने त्यांना दोनदा समजावलं. सुमितने वड्याच्या कागदावरच गल्ल्यांची यादी काढली : इथे आपली शंभर घरं, इथे साठ, इथे शेठचा मेव्हणा राहतो, तिथे नीरजाने एकटीने जावं. अकरा वर्षांचा हिशोब त्याच्या डोक्यात तयारच होता. नीरजा बघत राहिली. या माणसाला स्वतःलाच उभं राहता आलं असतं तर, असं तिच्या मनात आलं आणि टोचलं.

“उमेदवार मी आहे,” ती म्हणाली. “पण हे सगळं मला शिकवाल?”

“फी घेईन,” सुमित म्हणाला.

“फॉर्मला सूचक लागतो आणि अनुमोदक लागतो,” नीरजाने सांगितलं. आठवडाभर तिने दुकानात तेच फॉर्म भरले होते. “दोघंही याच प्रभागातले मतदार हवेत.”

“सूचक मी!” माया म्हणाली.

“ताई, तुमचं नाव डोंबिवलीच्या यादीत आहे.”

“हा अन्याय आहे,” माया म्हणाली आणि खरोखरच रुसून बाकावर जाऊन बसली.

“मग मीच,” सुमित म्हणाला. “नवरा सूचक, लोकांना बरं वाटेल.”

“सूचक म्हंजे काय?” जाईबाईंनी विचारलं.

“आजी, जो सगळ्यात आधी सांगतो ना, की हिलाच उभं करा, तो,” पायल म्हणाली.

जाईबाईंनी गॅस बंद केला, हात पदराला पुसले. साठीनंतर प्रौढांच्या वर्गात जाऊन त्यांनी सही शिकली होती, आणि आजवर ती फक्त बँकेत आणि गॅसच्या पुस्तकावर केली होती.

“मग मी सांगते. हिलाच उभं करा.”

“आई, सकाळी तू माझ्या बाजूने होतीस!”

“तुझ्याच बाजूने हाय रे. तू दुसरी सही कर.”

बाकावरून मायाचा खिदळण्याचा आवाज आला. रुसवा संपला होता.

सोमवारी दुपारी अडीच वाजता प्रभाग समितीच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. खाली दोन पक्षांचे ढोल एकमेकांवर कुरघोडी करत होते. जाईबाई जिना चढताना दोनदा थांबल्या. वर आल्यावर आपली सही जागेवर आहे का ते त्यांनी नीरजाला फाइल उघडून दाखवायला लावलं. काल संध्याकाळी दुकानात त्यांनी ती केली होती, आधी रद्दी कागदावर सात वेळा गिरवून. त्यांच्या सहीखाली, थोडी दाबून केलेली, सुमितची.

तीनला अर्ज घेणं बंद होणार होतं. दोन पन्नासला त्यांचा नंबर आला.

टेबलामागच्या अधिकाऱ्याने मान वर केली. समोर तिघं : एक म्हातारी, एक बाई, आणि पांढऱ्या शर्टातला, हातात फाइल धरलेला सुमित. अधिकाऱ्याने सवयीने सुमितपुढे हात केला आणि समोरची खुर्ची दाखवली.

“बसा साहेब. बोला, उमेदवाराबद्दल काय माहिती आहे?”

सुमितने फाइल टेबलावर ठेवली आणि एक पाऊल मागे सरकला.

“त्यांना विचारा,” तो म्हणाला. “मी अनुमोदक.”

नीरजाने खुर्ची पुढे ओढली आणि बसली.